इलेक्ट्रॉनांची भाऊबंदकी

टायटॅनियम डायसेलेनाइडचा स्फटिक दिसायला अभ्रकाच्या जातीचा: चपटा, चकचकीत, पापुद्रे सुटणारा. त्यावर साधी चिकटपट्टी दाबून ओढली की पट्टीबरोबर एक पापुद्रा निघून येतो. आतली बांधणीच तशी आहे. मधे टायटॅनियमच्या अणूंचा थर, त्याच्या वर-खाली सेलेनियमचा एकेक थर, असं एक सँडविच. आणि अशा सँडविचांची चळत. सँडविचच्या आत अणूंनी एकमेकांना घट्ट धरलेलं असतं, पण एका सँडविचचं शेजारच्याशी नातं अगदी वरवरचं. दोघांमध्ये फट राहते. या फटीत तांब्याचे थोडेसे अणू सरकवले तर काय होतं, याभोवती हा सगळा लेख फिरणार आहे.

२००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठात एमिलिया मोरोसान, रॉबर्ट कावा आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. दर शंभर टायटॅनियम अणूंमागे आठ तांब्याचे अणू घातल्यावर हा पदार्थ ४.१५ केल्विनला, म्हणजे साधारण उणे २६९ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहक झाला: त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. नुसता आकडा बघितला तर यात नवल काहीच नाही. हाइके कॅमरलिंग ओनेस यांनी लायडनमध्ये पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होताना पाहिला तो १९११ मध्ये, आणि तोही ४.२ केल्विनच्या आसपास. म्हणजे पंचाण्णव वर्षांनंतर आपण पुन्हा तिथेच? पण इथे गंमत तापमानात नव्हती. तांबं घालण्याआधी त्या पदार्थात दुसरंच कुणीतरी ठाण मांडून बसलं होतं. इलेक्ट्रॉनांची एक गोठलेली लाट. तांबं वाढत गेलं तशी ती लाट मागे हटली आणि तिच्या जागी अतिसंवाहकता आली.

इंग्रजीत या लाटेला चार्ज डेन्सिटी वेव्ह म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे सीडीडब्ल्यू म्हणून मोकळे होतात. विद्युतभार-घनता तरंग हा शब्द बरोबर असला तरी बोलताना जीभ अडखळते, म्हणून इथे आपण तिला भारलाट म्हणू.

आधी अतिसंवाहकता, थोडक्यात. धातूमध्ये इलेक्ट्रॉन धावत असतात आणि वाटेत थरथरणाऱ्या अणूंना, अशुद्धींना धडकत असतात. त्या धडका म्हणजेच रोध. आता एक इलेक्ट्रॉन धन आयनांच्या रांगांमधून जातो तेव्हा ते आयन किंचित त्याच्याकडे ओढले जातात. इलेक्ट्रॉन चपळ, आयन जड. तो पुढे निघून गेला तरी आयन लगेच जागेवर येत नाहीत. ओल्या वाटेवरून बैलगाडी गेली की चाकोरी उरते ना, तसं. दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ती चाकोरी सोयीची वाटते, आणि एरवी एकमेकांना ढकलणारे दोन इलेक्ट्रॉन अशा रीतीने जोडीने बांधले जातात. (उपमा इथेच सोडावी. खऱ्या जोडीतले दोघे एकाच दिशेने जात नाहीत, उलट दिशांना जातात.) जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ मध्ये दाखवलं की अशा असंख्य जोड्या मिळून एकच अवस्था तयार होते आणि दिंडीतल्या पावलीसारख्या सगळ्या एका तालात चालतात. एकट्यादुकट्याला धक्का देऊन ताल मोडता येत नाही. मोडायचा तर ठरावीक किमान ऊर्जा मोजावी लागते. या किमान ऊर्जेला गॅप म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे.

आता भारलाट. पंगत डोळ्यांसमोर आणा. एका रांगेत सारख्या अंतरावर पानं मांडली आहेत, प्रत्येक फरशीवर एक. साध्या धातूत इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार असाच समप्रमाणात पसरलेला असतो. काही पदार्थ थंड करत गेलं की ही समता टिकत नाही. विद्युतभार कुठे दाटतो, कुठे विरळ होतो, आणि दाट-विरळ-दाट-विरळ असा नक्षीसारखा क्रम बसतो. विद्युतभार सरकला की अणूही त्याच्या मागोमाग थोडे सरकतात. किती? टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये आँगस्ट्रॉमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि एक आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्याशा सरकण्याने स्फटिकाचं घर तिन्ही दिशांना दुप्पट होतं: पूर्वी जी नक्षी एका अणूनंतर परत येत होती ती आता दोन अणूंनंतर परत येते.

अणूंना जागचं हलवायला ऊर्जा लागते. मग निसर्ग हा खर्च कशासाठी करतो? रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९५० च्या दशकात याचं उत्तर एका सरळ साखळीचा विचार करून दिलं. धातूतले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या पायऱ्या खालून वर भरत येतात. तळाचे इलेक्ट्रॉन हलू शकत नाहीत, कारण त्यांच्या वरची पायरी भरलेली असते. हालचाल करू शकतात ते फक्त सगळ्यात वरच्या पायरीवरचे, ज्यांच्या डोक्यावर जागा मोकळी आहे. या सीमारेषेला फर्मी पृष्ठभाग म्हणतात. धातूचा सगळा व्यवहार या सीमेवर चालतो. कसायला लायक जमीन एवढीच, बाकीचा डोंगर. आता अणू जोडीजोडीने जवळ आले तर बरोबर या सीमेवर गॅप उघडतो. सीमेच्या लगतच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा खाली येते आणि काही परिस्थितींत ही बचत अणू हलवण्याच्या खर्चाहून जास्त भरते. सौदा फायद्याचा ठरतो, लाट बसते.

कागदावरच्या या लाटा प्रत्यक्षात थरांच्या पदार्थांमध्ये दिसल्या त्या १९७४ मध्ये, बेल लॅब्समध्ये. जॉन विल्सन, फ्रान्सिस डिसाल्वो आणि सुभाष महाजन यांनी अशा स्फटिकांमधून इलेक्ट्रॉनांचा झोत पाठवला तेव्हा नेहमीच्या ठळक ठिपक्यांच्या मधे फिकट जादा ठिपके उमटले. जादा ठिपका म्हणजे स्फटिकात एक जादा, मोठी नक्षी आहे. दोन वर्षांनी टायटॅनियम डायसेलेनाइडमधली लाटही सापडली. ती २०० केल्विनच्या सुमारास, म्हणजे उणे ७३ अंशांना उभी राहते.

आता भांडण कशावरून ते दिसेल. अतिसंवाहकता फर्मी पृष्ठभागावर गॅप उघडते. भारलाटही फर्मी पृष्ठभागावरच गॅप उघडते. पहिलीत इलेक्ट्रॉनची जोडी दुसऱ्या इलेक्ट्रॉनशी जमते. दुसरीत इलेक्ट्रॉनची जोडी रिकाम्या जागेशी, ज्याला होल म्हणतात त्याच्याशी. ज्या पट्ट्यावर लाटेचा गॅप उघडला तिथले इलेक्ट्रॉन अतिसंवाहकतेच्या हिशेबातून गेले. आणि दोघींचं मूळही बऱ्याचदा एकच: इलेक्ट्रॉन आणि थरथरते अणू यांच्यातली ओढ. एकाच बापाची लेकरं, एकाच सातबाऱ्यावर नाव. याला भाऊबंदकी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हे नातं किती जवळचं आहे याची एक जुनी साक्ष आहे. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धांत येण्याआधी, १९५४ मध्ये, हर्बर्ट फ्रोलिश यांना वाटलं होतं की अशी लाट अख्खीच्या अख्खी पुढे सरकली तर तीच अतिसंवाहकता! कल्पना देखणी होती. पण खऱ्या स्फटिकात लाट अशुद्धींना अडकून बसते, आणि ओढून सरकवली तरी घर्षण सुटत नाही.

मग डोपिंग. शब्द ऐकला की खेळाडू आठवतात, पण पदार्थविज्ञानातलं डोपिंग विरजणाच्या जवळचं आहे: थोडंसं घालायचं आणि अख्ख्या भांड्याचा स्वभाव बदलायचा. फरक इतकाच की विरजण स्वतः वाढतं, तांबं नाही; घातलं तेवढंच राहतं. फटीत बसलेला तांब्याचा अणू साधारण एक इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या थराला देऊन टाकतो. इलेक्ट्रॉन वाढले की फर्मी पृष्ठभागाचा आकार बदलतो. लाटेला हवा असलेला इलेक्ट्रॉन आणि होल यांचा जुळलेला मेळ बिघडतो, तर अतिसंवाहकतेसाठी मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात.

हे सगळं एका आलेखात दिसतं, आणि तो आलेख वाचण्यासारखा आहे. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर रोध. शुद्ध टायटॅनियम डायसेलेनाइड थंड करत या. धातू असूनही २०० केल्विनच्या खाली त्याचा रोध कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागतो, १६५ केल्विनच्या आसपास उंटाच्या पाठीसारखा उंचवटा येतो आणि मग रोध उतरतो. तो उंचवटा ही लाटेची पावती. आता तांबं घाला, शंभरात एक, दोन, तीन. उंचवटा कमी तापमानाकडे सरकतो आणि बसका होत जातो. चारच्या पुढे आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला, काही केल्विनवर, रोध कोसळताना दिसू लागतो. सहापर्यंत उंचवटा जवळपास दिसेनासा होतो. आठला अतिसंवाहकतेचं तापमान सगळ्यात वर, आणि पुढे पुन्हा उतार. दहा-अकराच्या पलीकडे स्फटिक तांबं घेतच नाही. या चढ-उताराचा आकार घुमटासारखा, म्हणून सगळे त्याला घुमटच म्हणतात.

लाट गेली, अतिसंवाहकता आली. किती सुटसुटीत गोष्ट! आणि तिला दुजोरा देणारी उदाहरणंही होती. त्यातलं एक आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. ल्युटेशियम, इरिडियम आणि सिलिकॉन यांचं ५:४:१० प्रमाणातलं एक संयुग आहे. त्यात ८३ केल्विनला भारलाट बसते आणि ४ केल्विनच्या जरा खाली तोच पदार्थ अतिसंवाहक होतो. म्हणजे दोघी एकाच घरात नांदतात, पण धाकटीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. १९९९ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. रामकृष्णन आणि लायडनचे संशोधक यांनी याच्या एकसंध स्फटिकावर मोजमापं करून ही लाट किती जोरकस आहे ते दाखवलं. (होय, तेच लायडन, कॅमरलिंग ओनेसचं.) या संयुगावर आधीच एक प्रयोग झालेला होता: त्याला साधारण वीस हजार वातावरणांइतका दाब दिला की लाट मोडते आणि अतिसंवाहकतेचं तापमान एकदम दुपटीहून वर, ९ केल्विनपर्यंत उडी मारतं. थोरलीला घराबाहेर काढलं आणि धाकटीला सगळी जमीन मिळाली.

तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये, म्हणजे ज्यांनी १९८६ नंतर या क्षेत्राची झोप उडवली त्या पदार्थांमध्ये, भांडण आणखी उघड्यावर आलं. लँथॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या ज्या संयुगात बेडनॉर्झ आणि म्युलर यांना झ्युरिकजवळ ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता सापडली, त्यात लँथॅनमच्या जागी बेरियम घालणं हेच डोपिंग. बेरियम वाढवत गेलं की घुमट उभा राहतो, पण या घुमटाला मधोमध एक खोल खड्डा आहे. बरोबर एक-अष्टमांशाला, म्हणजे दर आठ तांब्यांमागे एक बेरियम असताना, अतिसंवाहकतेचं तापमान धाडकन खाली येतं आणि पुढे पुन्हा वर जातं. ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत १९८८ मध्ये हा खड्डा दिसला तेव्हा कारण कळत नव्हतं. १९९५ मध्ये जॉन ट्रँक्वाडा आणि सहकाऱ्यांनी अशाच एका चुलत-संयुगावर न्यूट्रॉन सोडून पाहिलं आणि आत विद्युतभाराचे नि चुंबकत्वाचे पट्टे सापडले. एक-अष्टमांशाला हे पट्टे स्फटिकाच्या जाळीत चपखल बसतात, जाम होतात, आणि अतिसंवाहकतेची वाट अडते.

२०१२ मध्ये यिट्रियमच्या क्युप्रेटवर (क्युप्रेट म्हणजे याच जातीचं तांब्याचं ऑक्साइड) क्ष-किरण टाकणाऱ्या दोन गटांनी जे पाहिलं ते तर दोन भावांमधल्या तराजूचं चित्रच होतं. तापमान उतरतं तशी भारलाटेची खूण वाढत जाते. अतिसंवाहकता सुरू होण्याच्या तापमानाला पोचली की वाढ थांबते आणि खूण फिकट व्हायला लागते. मग त्यांतल्या हॅम्बुर्गमध्ये मोजणाऱ्या गटाने १७ टेस्लांपर्यंतचं चुंबकीय क्षेत्र लावलं. चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकतेला दाबतं. ती दबली, आणि लाट पुन्हा वर आली.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. बऱ्याच ठिकाणी संपवतातही, पण मला ते पटत नाही. कारण पुढची मोजमापं या सुटसुटीत गोष्टीत बसत नाहीत.

नायोबियम डायसेलेनाइड घ्या. टायटॅनियमवाल्याचा हा सख्खा भाऊच म्हणायचा, तेच सँडविच. यात ३३ केल्विनला भारलाट आणि ७.२ केल्विनला अतिसंवाहकता. संशोधकांनी यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला, म्हणजे एकेक अणू जागेवरून उडवून स्फटिकात बारीक खोट निर्माण केली. मारा वाढत गेला तसं अतिसंवाहकतेचं तापमान आधी थोडं वाढलं. बरोबर, लाट कमकुवत झाली, अतिसंवाहकतेला वाव मिळाला. पण ज्या क्षणी लाटेची दूरवरची शिस्त पूर्ण मोडली, त्याच टप्प्याला अतिसंवाहकतेचं तापमान एकदम घसरलं! भांडखोर भाऊ मेल्यावर दुसऱ्याचं बस्तान बसायला हवं होतं, उलट तोच खचला. याचा एक अर्थ असा लावला जातो की लाटेच्या सान्निध्यात अणूंची काही विशिष्ट थरथर मऊ पडते, आणि तीच मऊ थरथर इलेक्ट्रॉनांना जोडी जमवायला मदत करते. जमिनीवर भांडण, पण विहीर सामाईक.

आणि आता पुन्हा आपलं तांबं घातलेलं टायटॅनियम डायसेलेनाइड. रोधाच्या आलेखात उंचवटा नाहीसा झाला म्हणजे लाट मेली, असं सगळ्यांनी धरलं होतं. २०१७ मध्ये क्ष-किरणांनी थेट लाटेलाच शोधलं गेलं तेव्हा कळलं की ती मेलेली नाही. दर शंभर टायटॅनियममागे नऊ तांबे, म्हणजे घुमटाच्या माथ्याच्याही पलीकडे, लाटेचे ठिपके दिसत होते. मात्र साधारण साडेपाच टक्क्यांना तिच्यात एक बदल होतो, आणि या मोजमापांत अतिसंवाहकताही त्याच सुमारास सुरू होते. लाट स्फटिकाच्या जाळीशी जुळेनाशी होते.

हे जुळणं-न जुळणं समजायला पुन्हा पंगतीत जाऊ. समजा दर दुसऱ्या फरशीवर एक पान असा नियम आहे. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी. हे झालं जुळलेलं. आता यजमानांनी दोन-चार पानं जास्तीची मांडायला सांगितली. सगळ्यांनी थोडंथोडं सरकून अंतर सारखं करायचं, तर कुणाचंच पान फरशीच्या मधोमध येणार नाही. त्यापेक्षा लोक काय करतील? बराच पल्ला दर दुसऱ्या फरशीचाच नियम पाळतील आणि मधेच एका ठिकाणी दोन पानं खेटून घेतील. तिथून पुढे दुसरी, चौथी, सहावी असा नियम नव्याने सुरू. डावीकडचे विषम फरशांवर, उजवीकडचे सम फरशांवर, आणि मधे ती एक दाटीची जागा. भारलाटही असंच करते. त्या दाटीच्या जागेला डोमेन वॉल म्हणतात. भाऊबंदकीच्या भाषेत सांगायचं तर तो बांध. दोन्ही बाजूंना शेत लाटेचंच, पण बांधावर लाटेचा जोर कमी.

संशय असा आहे की अतिसंवाहकता या बांधांच्या आसपास उगवते. तांब्याशिवायही हे दिसतं. नुसता दाब देऊन शुद्ध टायटॅनियम डायसेलेनाइड अतिसंवाहक करता येतं, साधारण २ ते ४ गिगापास्कलच्या दरम्यान (एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणांचा दाब), तापमान फार तर १.८ केल्विन. २०१४ मध्ये दाबाखालच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकले गेले. लाट पूर्ण मिटते ती ५.१ गिगापास्कलला, म्हणजे अतिसंवाहकतेचा घुमट संपून गेल्यावर बऱ्याच पुढे. पण बांध पडल्याच्या खुणा दिसल्या त्या घुमटाच्या डोक्यावरच.

सगळ्यात बोलकी साक्ष मात्र २०१६ मध्ये सिंगापूरमधल्या गटाने मिळवली. त्यांनी तांबंही घातलं नाही, दाबही दिला नाही. चिकटपट्टीने काढतात तसा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा घेतला आणि त्याच्यावर विद्युतदाब लावून इलेक्ट्रॉन आत ओढले. याचा फायदा असा की एकाच नमुन्यात नुसतं बटण फिरवून डोपिंग कमी-जास्त करता येतं, आणि तांब्याच्या अणूंनी केलेली घाण मधे येत नाही. लाटेचं तापमान १७० केल्विनवरून ४० केल्विनपर्यंत उतरवता आलं, आणि अतिसंवाहकता ३ केल्विनपर्यंत चढली. मग त्यांनी चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत रोध मोजला. रोध सरळ वाढला नाही. ठरावीक अंतराने वर-खाली झोके घेत गेला.

हे झोके ओळखीचे आहेत. १९६२ मध्ये लिटल आणि पार्क्स यांना ते अतिसंवाहकाच्या एका पातळ, पोकळ नळीत सापडले होते. अतिसंवाहकाच्या कड्यातून चुंबकीय प्रवाह जातो तेव्हा कड्याला ठरावीक मापाची पुडकीच मानवतात, एक, दोन, तीन. अर्धवट पुडकं आलं की अतिसंवाहकता किंचित कुरकुरते आणि रोध वाढतो. म्हणजे झोके दिसायचे तर आत भोकं असलेली कडी हवीत. पण सिंगापूरच्या त्या सपाट पापुद्र्यात कुणी एकही भोक पाडलेलं नव्हतं. अतिसंवाहकता आपली आपणच जाळीसारखी पसरली होती, मधल्या प्रत्येक चौकात जुळलेली लाट तशीच बसलेली आणि भोवतीने बांधाबांधावरून रोधाशिवाय वाहणारा प्रवाह.